रांगेच्या टोकाला जून महिना

१

रोज सकाळी दहाच्या सुमाराला साबिनला गोळी लागायची.

गोळी घालायचा गावचा पोस्टमन. ‘कट’ झालं की तोच बंदूक खांद्याला अडकवून धावत यायचा, साबिनला हात धरून उठवायचा आणि विचारायचा, “गुडघा नाही ना फुटला रे?” मग दोघं एकाच सिगारेटचे झुरके वाटून घ्यायचे. साडेदहाला साबिन पुन्हा मरायचा.

तिसारेनी गावात सिनेमा आला होता. राजधानी बुखारेस्टहून सहा ट्रक, चाळीस माणसं आणि एक दिग्दर्शक. एक्केचाळीस साली, जूनच्या अखेरीला, शिपायांनी इथली अख्खी ज्यू वस्ती घरांतून बाहेर काढली, जंगलात चालवत नेली आणि संपवली. त्याचा हा सिनेमा.

कुठं संपवली, ते मात्र कोणाला सांगता येत नव्हतं. दिग्दर्शकाची मदतनीस इलिंका महिनाभर आधी येऊन घरोघर विचारून गेली होती. प्रत्येक दारात एकच उत्तर: “आमचे आजोबा त्या दिवशी बाजाराला गेले होते.”

“सगळ्या गावाचेच?” इलिंकाने विचारलं.

“मोठा बाजार होता, बाई.”

शेवटी दिग्दर्शकाने, दुपारचा उजेड चांगला पडतो म्हणून, जंगलातली एक घळ निवडली आणि जेसीबी लावून तिच्यात खड्डा खणून घेतला.

घटना जूनमधली, पण सिनेमाला सवड मिळाली ऑक्टोबरात. सगळं गाव सुती सदऱ्यांत कुडकुडत उभं आणि एक मेकअपवाली पोरगी पिचकारी घेऊन प्रत्येकाच्या कपाळावर घाम फवारतेय, असा तो देखावा. “घाम आलाय, घाम! उकडतंय!” इलिंका भोंग्यातून ओरडायची आणि तिच्याच तोंडातून वाफ निघायची.

भूमिकांची वाटणीही सोपी होती. दाढीवाले ते ज्यू, बिनदाढीचे ते शिपाई. शिपायांना गरम बूट मिळतात हे कळल्यावर एका रात्रीत निम्म्या गावाने दाढ्या काढल्या. साबिनला ती सोय नव्हती. घरात माणूस गेला की पुरुषाने चाळीस दिवस वस्तरा लावायचा नाही, आणि त्याचा मोठा भाऊ लिव्हिउ सप्टेंबरात गेला होता.

“दाढी खरी आहे?” पहिल्या दिवशी इलिंकाने ओढून बघितली होती.

“दुःख पण खरंय,” साबिन म्हणाला. “तेही ओढून बघा.”

इलिंका ओशाळली. पण काम ते काम. तिची साबिनबद्दल एकच तक्रार होती. “तू पडताना हात पुढे करतोस! गोळी लागलेला माणूस हात टेकून पडतो का?”

“नाक फुटेल ना मग!”

“मेलेल्याला नाकाचं काय!”

साबिन रोज ठरवायचा की आज हात मागे ठेवायचे. आणि रोज, अगदी जमीन जवळ आली की, हात आपले आपणच पुढे यायचे.

२

लिव्हिउ इटलीत बांधकामावर होता. परांचीवरून पडला, एवढंच कळलं. शवपेटी आली ती झाळलेली. आत पत्रा, वर लाकूड, त्यावर बारा स्क्रू. साबिन वीस वर्षांचा, आठवीत मास्तरांवर खुर्ची फेकून शाळा सोडलेला. पेटीशेजारी जागायच्या रात्री त्याने सरळ पेचकस आणला. सात स्क्रू काढले. आठव्याला पाद्री आणि ग्लाफिरा आत्या दोघं त्याच्या पाठीवर बसले, तेव्हा कुठं तो थांबला.

“मला त्याचं तोंड बघायचंय!”

“देवाने झाकलंय ते तू उघडू नकोस, गाढवा,” आत्या म्हणाली, आणि त्याच्या पाठीवर बसूनच रडली.

आईबाप दोघं लवकर गेल्यावर आत्यानेच या दोघांना वाढवलेलं. त्यामुळे लिव्हिउच्या चाळीस दिवसांची सूत्रं तिने हातात घेतली. रोज एक वाडगा गरम जेवण, वर चमचा, हातातून हातात, आणि वाडग्यासकट द्यायचं. देणाऱ्याने म्हणायचं, “लिव्हिउच्या नावाने.” घेणाऱ्याने म्हणायचं, “बोगदाप्रोस्ते”, म्हणजे देव त्याला क्षमा करो. की झालं, तिकडं लिव्हिउच्या पुढ्यात वाडगा हजर. आत्याने कुंभाराकडून तपकिरी वाडगे आणले होते, आणि तिकडे गोंधळ नको म्हणून प्रत्येकाच्या बुडाला खिळ्याने ‘ल’ कोरला होता.

भांडण रोज एकाच गोष्टीवरून व्हायचं.

“आत्या, सूपमध्ये गाजर घालू नकोस. तो खात नाही.”

“गाजर नको तर काय घालू? माझी नखं?”

“तो काठावर लावून ठेवतो, माहितीये ना तुला.”

माहीत होतंच. लिव्हिउ लहानपणापासून गाजराच्या चकत्या एकेक करून वाडग्याच्या काठावर मांडायचा, सैन्य उभं केल्यासारख्या. मग वाडगा साबिनकडे सरकवायचा आणि साबिन ते सैन्य खाऊन टाकायचा. तीच त्यांची पंगत होती.

“मेल्यावर तरी खाईल,” आत्या म्हणाली आणि चार चकत्या जास्तीच्या टाकल्या.

शूटिंग सुरू झालं तेव्हा सत्ताविसावा दिवस होता. साबिन दिवसभर जंगलात. मग वाडगाही तिथंच कोणाला तरी द्यायचं ठरलं. दुपारी पेत्राकेच्या तंबूपुढे जेवणाची रांग लागायची. पेत्राके म्हणजे गावोगावची लग्नं जेवू घालणारा आचारी, पोट त्याच्याच पातेल्याएवढं. रांगेत साबिनच्या पुढे एक हडकुळा माणूस उभा होता. काळा कोट, पांढरा धूळकट सदरा. कोटाच्या कॉलरला एक सुई टोचलेली, तिच्यात ओवलेला पांढरा दोरा.

साबिनने त्याच्या पाठीवर टिचकी मारली. “घ्या. लिव्हिउच्या नावाने.”

माणूस वळला. वाडग्याकडे बघितलं. दोन्ही हातांनी घेतला.

“कोण लिव्हिउ?”

“माझा भाऊ. सव्वीस वर्षांचा होता.”

“जेवला नव्हता का?”

असा प्रश्न अजून कोणी विचारला नव्हता. पाद्र्यानेही नाही.

“आता ‘बोगदाप्रोस्ते’ म्हणा,” तो म्हणाला.

माणसाने वाडगा कोटाच्या आत धरला आणि झाडांकडे चालू लागला. जाता जाता म्हणाला, “पोचवतो.”

३

“पोचवतो?” संध्याकाळी आत्याने कमरेवर हात ठेवले. “तो पोस्टमन आहे का?”

“पोस्टमन मला गोळ्या घालतो, आत्या. हा दुसरा.”

“‘बोगदाप्रोस्ते’ म्हणाला नाही?”

“नाही.”

“मग पोचलंच नाही! वाया गेला वाडगा! माझं पोर उपाशी बसलं असेल तिकडे, आणि हा खुशाल कोणा लफंग्याला सूप पाजून आला!”

त्या रात्री साबिनला झोप लागली नाही. लिव्हिउचा शेवटचा फोन आठवत राहिला. “इथलं जेवण म्हणजे उकडलेल्या नाड्या रे,” तो म्हणाला होता, “आत्याला सांग, आलो की पहिल्यांदा सूप.” आणि साबिनने मध्येच फोन ठेवला होता, कारण टीव्हीवर फुटबॉल होता.

दुसऱ्या दिवशी तो माणूस पुन्हा रांगेत पुढे. साबिनने वाडगा दिला, शब्द म्हणायला सांगितला. “पोचवतो,” माणूस म्हणाला. तिसऱ्या दिवशीही तेच. साबिनने दुसऱ्या कोणाला द्यायचं ठरवलं, तर दर वेळी नेमका तोच समोर.

साबिनने मनाची समजूत घातली. हा बुखारेस्टचा नट असणार. नाटकवाले असतात असे, एकदा भूमिकेत शिरले की जेवतानासुद्धा बाहेर येत नाहीत. ज्यू शिंप्याचं काम दिलं असेल. ज्यू शिंपी कशाला म्हणेल ‘बोगदाप्रोस्ते’? शहाणा नट. सुईसुद्धा घरून आणलीय.

समजूत चांगली होती. फक्त एक गोष्ट तिच्यात बसत नव्हती. ऑक्टोबरातल्या त्या दुपारी रांगेतल्या प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघायची. त्या माणसाच्या निघायची नाही. उलट कानशिलावरून घामाची धार मानेत उतरलेली असायची, आणि ती पिचकारीची नव्हती. पिचकारीचा घाम थेंबाथेंबांनी चिकटून राहतो. ही धार धुळीतून वाट काढत वाहत होती.

तेहतिसावा दिवस. त्या सकाळी साबिन सात वेळा मेला होता आणि सातही वेळा हात पुढे आले होते. इलिंकाने सगळ्यांदेखत त्याची नक्कल केली होती. डोकं तापलेलं. त्याने वाडगा पुढे केला.

“लिव्हिउच्या नावाने.”

माणसाने हात पुढे केला नाही. “एकट्याच्याच?” त्याने हळूच विचारलं. “रोज एकच वाडगा घेऊन जातो मी. बाकीचे बघत राहतात.”

“अरे, मग सगळ्यांच्या नावाने!” साबिन ओरडला. “तिथं जे कोणी असतील त्या सगळ्यांच्या! झालं समाधान?”

मागून चमचा पडल्याचा आवाज आला. म्हाताऱ्या आजीच्या वेशात ग्लाफिरा आत्या उभी होती. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

“मूर्खा,” ती म्हणाली, “नाव घेतल्याशिवाय कधी देतात का? सगळ्यांना बोलावलंस तर सगळे येतात.”

“कोण सगळे?”

आत्याने वाकून चमचा उचलला. साबिनने रांगेत बघितलं, तर तो माणूस केव्हाच गेला होता.

४

चौतिसाव्या दिवसापासून जेवण पुरेनासं झालं.

हिशेब सरळ होता. गावातले एकशे अठरा लोक, सिनेमावाल्यांचं जेवण वेगळं, आणि पेत्राके शिजवायचा दीडशेचं. तरी रांग अर्धी सरकायच्या आत पातेल्याचा तळ खरवडायची वेळ यायची.

“पेत्राके, चिकन कुठं जातं?” इलिंकाने विचारलं.

“मॅडम, सतरा वर्षं लग्नं केली मी! नवरी पळून गेली, पण माझं चिकन कधी पळालं नाही!”

पस्तिसाव्या दिवशी त्याने दोनशेचं शिजवलं. संपलं. इलिंकाने मग प्रत्येकाला एकेक चिठ्ठी दिली आणि ती तंबूच्या तोंडाशी डब्यात टाकायला लावली. जेवणं उरकल्यावर डबा उपडा केला. एकशे अठरा चिठ्ठ्या. ना कमी, ना जास्त. आणि ब्याऐंशी ताटल्या गायब.

“ताटल्यासुद्धा?” इलिंका म्हणाली.

“ताटल्यासुद्धा!” पेत्राके डाव छातीशी धरून रडकुंडीला आला. “भिकाऱ्याला वाढताना ताटली देतात का कोणी?”

देतात, साबिनच्या मनात आलं. वाडग्यासकट देतात.

सदतिसाव्या दिवशी इलिंकाने स्वतः रांग मोजायची ठरवली आणि साबिनला सोबत घेतलं. तंबूच्या तोंडापासून निघाली. पोस्टमन, पाद्र्याची बायको, दोन सुतार, मास्तर. सगळे हसत, शिव्या देत, एकमेकांच्या मिशा उपटत. ऐंशी, नव्वद, शंभर. तिथून पुढे आवाज कमी होत गेला. एकशे दहा. एकशे अठरा. एकशे एकोणीस.

इलिंका थांबली. रांग थांबली नव्हती. ती तंबूची दोरी ओलांडून, ट्रकच्या मागून, झाडांत शिरली होती. तिथली माणसं बोलत नव्हती. माना खाली. बायकांच्या कडेवर पोरं, पोरंही गप्प. सगळ्यांच्या कपाळावर घाम. ओठ फुटलेले, उन्हाने फुटतात तसे. आणि त्या टोकाकडून साबिनच्या तोंडावर गरम वारा आला, कापलेल्या गवताच्या वासाचा. ऑक्टोबरात कुठलं आलंय गवत कापायला?

“वा,” मेकअपवाली पोरगी मागून म्हणाली, “यांना कोणी फवारलं? माझ्यापेक्षा भारी झालंय.”

इलिंकाने वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

“शहरातून दुसरी बस आली असेल,” ती म्हणाली.

“कुठली बस?” साबिनने विचारलं.

“असेल ना एखादी बस!” ती अंगावर आली, मग आवाज खाली आणून म्हणाली, “साबिन, तू काही बघितलं नाहीस. मीही नाही. पेत्राकेला सांग, तीनशेचं कर.”

५

चाळिसाव्या दिवशी आत्याने गावातल्या बायका गोळा करून पहाटेपासून रांधलं. सूप, कोबीच्या पानातला भात, गोड पाव. तीनशे तपकिरी वाडगे नवे आणले, आणि तीनशेंच्या बुडाला ‘ल’. सगळं गाव शूटिंगलाच असल्यामुळे चाळिसावाही जंगलातच करायचा ठरला. दिग्दर्शकाला कोणीतरी सांगितलं की ही इथली प्रथा आहे. तो भारावून गेला आणि जेवणाची सुट्टी वीस मिनिटांनी वाढवली. सगळ्यांत खूश पेत्राके. एक दिवस तरी त्याच्यावर आळ येणार नव्हता.

“आज नीट नाव घे,” आत्याने बजावलं. “लिव्हिउ. फक्त लिव्हिउ.”

“आणि बाकीचे?”

आत्याने पदराचं टोक, म्हणजे त्या वेशातल्या शालीचं टोक, तोंडावर ओढलं. “बाकीच्यांचं आता कसं नाही म्हणणार? बोलावून बसलास ना.”

आधी गाव जेवलं. पोस्टमनने वाडगा घेतला, म्हणाला, “बोगदाप्रोस्ते,” आणि साबिनला मिठी मारली. “रोज तुला मारतो, पण मनातून नाही रे,” असंही म्हणाला. मग रांग त्या टोकाला आली. आत्या वाढत होती, साबिन देत होता. ते लोक वाडगा दोन्ही हातांनी घेत, छातीशी धरत आणि झाडांकडे वळत. कोणी तो शब्द बोललं नाही. त्यांची बोटं साबिनच्या बोटांना लागत होती आणि ती तापलेली होती, दिवसभर उन्हात चालल्यासारखी. आत्या डोळे मिटून वाढत होती. एक थेंब सांडला नाही.

शेवटचा वाडगा उरला. समोर सुईवाला.

“लिव्हिउच्या नावाने,” साबिन म्हणाला. मग वाडगा सोडला नाही. “खरं सांगा. पोचतं का त्याला?”

“तू सगळ्यांचं म्हणालास. मी सगळ्यांत वाटतो. नावं कोणाकोणाची विचारू? गर्दी आहे.”

“मग मला न्या. पेटी बंद होती. मी बघितलाच नाही त्याला. एकदा बघतो आणि परत येतो.”

माणसाने त्याच्याकडे नीट बघितलं. खांद्यापासून खांद्यापर्यंत, काखेपासून मनगटापर्यंत, शिंपी गिऱ्हाईकाकडे बघतो तसं. त्या एका क्षणात त्याला कळलं, हा हो म्हणाला तर आपण खरंच जाऊ.

“तुझं माप बसत नाही,” माणूस म्हणाला. “रोज बघतो मी. पडताना तू हात पुढे करतोस.”

त्याने वाडगा काढून घेतला आणि गेला. झाडांत शिरताना त्याच्या पायाखाली ऑक्टोबरची पानं वाजली नाहीत.

६

दुपारी तीनला दिग्दर्शकाला खड्डा उथळ वाटला.

“अजून अर्धा मीटर,” तो म्हणाला. “उजेड आहे तोवर.”

जेसीबी सुरू झाला. खालची माती घट्ट, पिवळी, कित्येक वर्षं कोणी हात न लावलेली. पहिली बादली. दुसरी. तिसऱ्या बादलीला खापरीचा आवाज आला. चालकाने वाकून बघितलं, इंजिन बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढली. मग सगळे काठाशी आले.

मातीच्या पोटात वाडगे होते. तपकिरी, एकात एक बसवलेले, दहा-दहाच्या चळती, आणि त्यांच्याशेजारी पेत्राकेच्या ताटल्या, त्याही रचलेल्या. सगळं लख्ख धुतलेलं. वरची माती हातभर जाडीची आणि तिला कुठं चीरही गेलेली नव्हती. चालकाने शपथ घेतली.

“माझ्या ताटल्या!” पेत्राके आनंदाने ओरडला. “बघा मॅडम! बघा!” आणि मग त्याचा आवाज बसला, कारण चळतींच्या खाली बादलीने आणखी काहीतरी पांढरं उघडं केलं होतं. ते सगळ्यांनी पाहिलं. कोणीही त्याचं नाव घेतलं नाही.

इलिंका भोंगा उराशी धरून उभी होती. पोस्टमनने बंदूक गवतावर ठेवली, लांब, जणू ती खरी होती.

“माझी आई,” ग्लाफिरा आत्या एकदम बोलू लागली, कोणाकडे न बघता, “रोज संध्याकाळी कुंपणाच्या जंगलाकडच्या अंगाला भाकर ठेवायची. कुत्र्यासाठी म्हणायची.” तिने शालीचं टोक मुठीत धरलं. “आमच्याकडे कुत्रा नव्हता.”

कोणी ‘बाजाराला गेले होते’ म्हटलं नाही.

आणि तेवढ्यात साबिनला ते दिसलं. सगळ्यांत वरच्या चळतीवर एक वाडगा वेगळा ठेवला होता. बाकीचे धुतलेले, हा नव्हता.

“साबिन! वर ये!” इलिंका किंचाळली. पण त्याने उडी टाकली होती. पडताना हात पुढे आलेच. दोन्ही तळवे मातीत टेकले. तो गुडघ्यांवर सरकत वाडग्यापाशी गेला, उचलून बूड बघितलं. ‘ल’.

सूप संपलेलं. चमचा आत तिरका ठेवलेला. आणि काठावर, एकीला लागून एक, अंतर मोजून, गाजराच्या चकत्या उभ्या.

साबिनने त्या बोटाने मोजल्या. मग त्याला हसू आलं, आणि ते हसू अर्ध्यातच फाटलं.

“आत्या,” त्याने खालून हाक मारली, “मेल्यावरही खात नाही गं तो.”

“हात लावू नकोस!” आत्या वरून ओरडली. “तिकडचं खायचं नसतं! साबिन! अरे, टाक ते!”

पण वाडगा त्याच्याकडेच सरकवलेला होता. लहानपणापासून ते त्याचंच काम होतं. त्याने पहिली चकती उचलून तोंडात टाकली. मग दुसरी. सात होत्या. शेवटची गिळून झाल्यावर बाहीने तोंड पुसलं आणि हलकेच म्हणाला, “बोगदाप्रोस्ते.”

सातही चकत्या गरम होत्या.